मातीचा हप्ता

लिव्हरपूलच्या बंदरात बोट शिरू लागली की सर्वांत आधी नजरेत भरते ती रॉयल लिव्हर बिल्डिंग. १९११ मध्ये पुरी झालेली ही इमारत त्या काळी ब्रिटनमधल्या सर्वांत उंच इमारतींपैकी एक होती. तिला दोन मनोरे आहेत. दोन्हींवर पंख उभारलेला तांब्याचा प्रचंड पक्षी आहे आणि घड्याळाच्या तबकड्या लंडनच्या बिग बेनपेक्षाही मोठ्या आहेत. ती पाहून एखाद्या जहाज कंपनीने किंवा बँकेने बांधली असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती बांधली एका मयत फंडाने. १८५० साली याच शहरातल्या एका पबमध्ये काही कष्टकरी माणसे जमली आणि आपल्यातल्या मेलेल्या माणसाला नीट मूठमाती मिळावी म्हणून त्यांनी एक मंडळी काढली. त्या मंडळीने दारोदार फिरून आठवड्याला एकेक पेनी गोळा केली आणि साठ वर्षांत तिचे हे रूप झाले.

पेनी देणाऱ्यांचे काय झाले, याचा इतिहास तेवढा उंच दिसत नाही. तो राजेशाही आयोगांच्या अहवालांत, कोर्टाच्या निकालपत्रांत आणि लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बायकांच्या हिशेबाच्या वह्यांत विखुरलेला आहे. घरात प्रेत पडले आहे, कंपनीचा माणूस दारात उभा आहे आणि पैसे मिळणार की नाही हे ठरायचे आहे, असा प्रसंग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये लाखो घरांनी अनुभवला. या झगड्यात कायदा कोणाच्या बाजूने होता आणि तो बदलायला किती वर्षे लागली, हे तपशिलात पाहण्याजोगे आहे.

मुळात ही पेनी लोक का देत होते? उपाशी राहून देत होते, भाडे थकवून देत होते, पण देत होते. याचे कारण १८३२ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यात सापडते. त्याआधी वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी मिळत ती फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते. ती पुरत नसत, म्हणून थडगी उकरून प्रेते चोरणाऱ्यांचा धंदा चालत असे. नव्या कायद्याने ही चोरी थांबली खरी, पण तिची किंमत गरिबांनी मोजली. अनाथगृहात, दवाखान्यात किंवा वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निर्धनांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या सरकारी निवासात, मेलेल्या ज्या माणसाच्या प्रेतावर कोणी हक्क सांगितला नाही, ते प्रेत डॉक्टरांच्या टेबलावर पाठवायला मुभा मिळाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, गरिबांच्या मदतीचा नवा कायदा आला आणि वर्कहाऊस हा शब्द घराघरांत भीतीचा झाला. आजवर खुन्याला दिली जाणारी शिक्षा आता निर्धनाच्या वाट्याला आली होती. ज्याच्या घरच्यांकडे पुरायला पैसे नाहीत त्याला पॅरिशची, म्हणजे गरिबांची सोय पाहणाऱ्या स्थानिक विभागाची, फळ्यांची पेटी, अनेकांची मिळून एक खड्डावजा कबर आणि वर नावाचा दगडही नाही. ते टाळायचे असेल तर हाताशी काही पौंड हवेत, आणि तेही मृत्यूनंतर दोन-चार दिवसांत हवेत.

पहिला उपाय लोकांनीच शोधला. गल्लीगल्लीत दफनाचे क्लब निघाले. सभा पबमध्ये भरायची, कारण दुसरी जागाच नसे. चिटणीस बहुधा पबचा मालक किंवा प्रेतसंस्काराचे सामान पुरवणारा अंडरटेकर असे. एडविन चॅडविक याने १८४३ मध्ये शहरांतल्या दफनांवर सरकारला अहवाल दिला, त्यात या क्लबांची तपासणी आहे. अंडरटेकरच क्लब चालवतो, म्हणजे विम्याचे पैसे शेवटी कोणाच्या दुकानात खर्च होणार हे आधीच ठरलेले, हे त्याने नेमके टिपले. क्लबांना हिशेब येत नव्हता. तरुण आणि म्हातारा एकच वर्गणी देई. म्हातारे मरू लागले की पेटी रिकामी होई, तरुण सभासद दुसऱ्या क्लबात जात आणि वीस-वीस वर्षे वर्गणी भरलेल्या म्हाताऱ्याची विधवा रिकाम्या पेटीपाशी उभी राही. काही ठिकाणी चिटणीसच पैसे घेऊन पळाला. तक्रार कोणाकडे करायची? क्लबच्या नियमांत लिहिलेले असे की वाद क्लबच्या पंचांनी सोडवायचा, आणि पंच क्लबचेच.

या गोंधळातून मोठ्या संस्था पुढे आल्या. लिव्हरपूल व्हिक्टोरिया ही दफन मंडळी १८४३ ची, रॉयल लिव्हर १८५० ची. १८४८ मध्ये लंडनला स्थापन झालेली प्रुडेन्शियल आधी मध्यमवर्गाला कर्ज आणि विमा विकत होती. १८५४ मध्ये तिने कामगारांसाठी आठवडी हप्त्याची शाखा उघडली आणि हेन्री हार्बेन या चिटणीसाच्या हाताखाली ती इतकी वाढली की पुढे लंडनच्या होबर्न भागात तिने लाल विटांचा राजवाडाच उभारला. या संस्थांकडे मृत्यूची कोष्टके होती, हिशेबनीस होते, राखीव निधी होता. क्लबांपेक्षा त्या भक्कम होत्या, हे मान्यच करायला हवे. ज्या घरात क्लब बुडाल्याने एकदा हात पोळले होते, त्यांनी प्रुडेन्शियलचे पुस्तक घेणे यात शहाणपणाच होता.

पण या धंद्याचा सगळा भार एका माणसावर होता. तो म्हणजे हप्ता गोळा करणारा एजंट. आठवड्याच्या ठरावीक वारी, बहुधा पगाराचा दिवस साधून, तो दारात येई. घरातली बाई चुलीवरच्या फळीवरून छोटे पुस्तक काढे, पेनी देई, एजंट त्या तारखेपुढे आद्याक्षरे टाकी. पॉलिसीचा कागद कधी घरात असे, कधी नसे. पुस्तक मात्र जपून ठेवलेले असे. एजंटाला पगार नसे, कमिशन असे. नवे गिऱ्हाईक आणले तर पहिल्या कित्येक आठवड्यांचे हप्ते त्याच्याच खिशात जात. शिवाय आपली सगळी गिऱ्हाइके, म्हणजे आपले 'बुक', तो दुसऱ्या एजंटाला विकू शकत असे. यातून निघणारे वर्तन ओळखायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. नवी पॉलिसी लिहिण्यात फायदा, जुनी टिकवण्यात त्यामानाने थोडा.

पॉलिसी लॅप्स होणे ही या धंद्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत शांतपणे होणारी फसवणूक होती. नवरा बेकार झाला, संप झाला, बाळंतपण आले, काही आठवडे हप्ता चुकला की पॉलिसी बाद. दहा वर्षे भरलेल्या पेन्या कंपनीच्या. त्यांतले काहीही परत मिळत नसे. माणूस मेल्यावर घरच्यांना कळे की पॉलिसी कधीच संपली आहे. एजंट म्हणे, मी सांगितले होते. बाई म्हणे, तुम्ही म्हणालात पुढच्या आठवड्यात दोन्ही द्या. दोघांपैकी कोणाचेही बोलणे कागदावर नाही.

दावा फेटाळण्याची दुसरी वाट होती प्रस्तावपत्राची. प्रकृती कशी आहे, घराण्यात क्षय आहे का, वय किती, अशा प्रश्नांचा तो अर्ज स्वयंपाकघराच्या टेबलावर एजंटच भरत असे. ज्याला लिहिता येत नाही त्याने खाली फुली मारायची. एजंटाला कमिशन हवे, म्हणून खोकल्याची गोष्ट तो लिहीत नसे. मग मृत्यू होई, डॉक्टरच्या दाखल्यावर क्षय आणि आजाराचा कालावधी लिहिलेला असे, तारखा जुळवल्या जात आणि मुख्य कचेरीतून उत्तर येई की आजार पॉलिसीच्या आधीचा आहे. वयाचेही तेच. इंग्लंडमध्ये जन्मनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्या आजीचे वय सांगायचे कशावरून? अंदाजाने सांगितलेले वय पुढे चुकीचे ठरले की रक्कम कापली जाई. अर्ज भरणारा कंपनीचा माणूस, चूक लिहिणारा कंपनीचा माणूस, आणि त्या चुकीचा दंड भरायचा विधवेने. या एका मुद्द्यावर कंपन्यांची बाजू घेणे कठीण आहे. गेल्या शतकातल्या एकाहून अधिक सरकारी समित्यांनाही ते जमले नाही.

विल्यम ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६४ मध्ये त्याने पार्लमेंटमध्ये या मंडळ्यांवर कडक टीका केली आणि पोस्टातर्फे सरकारी आयुर्विमा सुरू केला. योजना प्रामाणिक होती, स्वस्त होती, आणि ती फसली. पोस्टाची किमान पॉलिसी २० पौंडांची होती, मयतीच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठी. त्यातही पोस्ट कोणाच्या दारात येत नव्हते. आठवड्याच्या पगारातून पेनी बाजूला काढून पोस्टात नेऊन भरायची शिस्त पोटाला चिमटा घेणाऱ्या घराला परवडत नाही. दारात उभा राहून मागणारा माणूस लागतो. गरिबांच्या बचतीबद्दल बोलणाऱ्या शहाण्या माणसांनी ही गोष्ट पुढे अनेकदा विसरून दाखवली.

अशा परस्पर मदतीच्या मित्रमंडळ्यांच्या (फ्रेंडली सोसायट्यांच्या) कारभारावर १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर स्टॅफर्ड नॉर्थकोट याच्या अध्यक्षतेखाली राजेशाही आयोग बसला आणि त्याच्या अहवालांवरून १८७५ चा कायदा झाला. दावेदाराच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी मोलाच्या होत्या. हप्ता चुकला तरी लेखी नोटीस दिल्याशिवाय गोळा करणाऱ्या मंडळीला सभासदाचा हक्क बुडवता येणार नव्हता. आणि मंडळीचे नियम काहीही म्हणोत, सभासद जिथे राहतो तिथल्या काउंटी कोर्टात किंवा न्यायाधीशासमोर वाद नेता येणार होता. याचे महत्त्व कळण्यासाठी कॉर्नवॉलच्या खाणीत मेलेल्या माणसाच्या बायकोने पंचांसमोर लिव्हरपूलला जायचे म्हणजे काय, याचा विचार करावा. पण कोर्टात जायला तरी फी, वकील आणि खाडा लागतोच. पाच-सहा पौंडांच्या दाव्यासाठी तेवढे कोण करणार?

याच काळात एक वेगळाच संशय या विम्यावर घोंगावत होता. आईबापच विम्यासाठी पोरे मारतात, असा. १८४० च्या सुमाराला स्टॉकपोर्टमध्ये आर्सेनिकचे खटले झाले होते. १८७२ मध्ये डरहॅम परगण्यातल्या वेस्ट ऑकलंड गावी मेरी अॅन कॉटन हिचा सावत्र मुलगा मेला, डॉक्टरने मृत्यूचा दाखला द्यायला नकार दिला, दाखल्यावाचून विम्याचे पैसे अडले आणि तपासात आर्सेनिक सापडले. मार्च १८७३ मध्ये तिला फाशी झाली. हा गुन्हा खराच होता, पण त्याची सावली लाखो निष्पाप आयांवर पडली. १८७५ च्या कायद्याने पाच वर्षांखालच्या मुलावर ६ पौंड आणि दहा वर्षांखालच्या मुलावर १० पौंड एवढीच मर्यादा ठेवली. मुलाच्या विम्यासाठी जन्म-मृत्यू निबंधकाकडून वेगळा दाखला घ्यावा लागे, आणि एकाहून अधिक दाखले मागितले तर त्यांवर अनुक्रमांक टाकला जाई. मुलांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे बेंजामिन वॉ यांनी १८९० च्या सुमारास असा विमाच बंद करावा म्हणून मोहीम काढली, पीटरबरोच्या बिशपने लॉर्ड्सच्या सभागृहात विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. लक्षात घेण्याजोगे हे की या एका प्रसंगी विमा कंपन्या आणि गरीब आया एकाच बाजूला होत्या. वॉ यांची कळकळ खरी होती, पण अर्भकमृत्यू ज्या वस्त्यांत रोजचे होते तिथे आईने मुलाच्या मातीची तजवीज करून ठेवणे हा गुन्ह्याचा पुरावा मानणे अन्यायच होते.

ती तजवीज कशी दिसत होती? लंडनच्या लँबेथ भागात फेबियन महिला गटाने काही वर्षे गरीब कुटुंबांचे आठवड्याचे हिशेब लिहून घेतले आणि मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी १९१३ मध्ये त्यांचे पुस्तक केले. आठवड्याला साधारण एक पौंडात घर चालवणारी ही कुटुंबे. जवळजवळ प्रत्येक हिशेबात भाड्याखाली, कोळशाच्या आसपास, दफनाच्या विम्याची ओळ आहे, मुलामागे एक पेनी. पाहणाऱ्या सुशिक्षित बायकांना आधी हे वेडेपण वाटले: त्या पेनीचे दूध का घेत नाहीत? मग त्यांना एका लहान मुलीच्या मयतीचा हिशेब मिळाला. अंत्यविधी १ पौंड १२ शिलिंग. मृत्यूचा दाखला १ शिलिंग ३ पेन्स. खड्डा खणणाऱ्यांना २ शिलिंग. शववाहिकेच्या माणसांना २ शिलिंग. न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईला २ शिलिंग. विम्याच्या एजंटाला १ शिलिंग. फुले ६ पेन्स. बापासाठी काळा टाय १ शिलिंग. एकूण २ पौंड १ शिलिंग ९ पेन्स, म्हणजे घराच्या दोन आठवड्यांच्या कमाईहून जास्त. दोन ओळींवर नजर अडकते. सहा पेन्सची फुले, आणि विम्याच्या पैशातून विम्याच्याच एजंटाला द्यावा लागलेला शिलिंग. विमा नसेल तर हेच पैसे शेजाऱ्यांकडून उसने घ्यायचे आणि जगलेल्या मुलांच्या तोंडचा घास काढून फेडायचे. पेंबर रीव्ह्ज यांनी हे पटवून घेतले आणि आपल्या वाचकांना पटवून दिले, हे त्यांचे मोठेपण.

कायदा मात्र अजून तिथपर्यंत पोचला नव्हता. १७७४ मध्ये, श्रीमंत लोक परक्यांच्या आयुष्यावर पैजा लावत होते म्हणून, पार्लमेंटने ठरवले होते की ज्याच्या जगण्यात तुमचा विमायोग्य हितसंबंध नाही त्याचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही. हितसंबंध म्हणजे पैशाचा हितसंबंध. १८३० मध्ये एका खटल्यात कोर्टाने सांगितले की मुलाच्या आयुष्यात बापाचाही असा हितसंबंध केवळ नात्यामुळे ठरत नाही. उमरावांच्या जुगारासाठी केलेला हा कायदा शंभर-सव्वाशे वर्षांनी धोबिणीच्या आणि गोदी कामगाराच्या दारात येऊन उभा राहिला.

१९०४ चा हार्स विरुद्ध पर्ल लाइफ हा खटला या सगळ्याचा कळस आहे. एका मुलाने पर्ल कंपनीकडे आपल्या आईचा विमा उतरवला होता, तिच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी. एजंटाने सांगितले होते की अशी पॉलिसी चालते. वर्षानुवर्षे हप्ते भरल्यावर त्याच्या लक्षात आले की ती बेकायदा आहे, आणि त्याने निदान भरलेले हप्ते तरी परत मागितले. खालच्या पातळीवर त्याच्या बाजूने निकाल लागला. अपील कोर्टाने तो फिरवला. कायद्याने मुलावर आईला पुरण्याची जबाबदारी नाही, म्हणून तिच्या मृत्यूने त्याचे पैशाचे नुकसान होत नाही, म्हणून हितसंबंध नाही, म्हणून पॉलिसी बेकायदा. हप्तेही परत नाहीत, कारण एजंटाने खोटे सांगितले ते मुद्दाम नव्हे, त्यालाही कायदा माहीत नव्हता. दोघेही सारखेच दोषी. कायद्याच्या पायऱ्या एकेक करून चढत गेले तर प्रत्येक पायरी बरोबर आहे. वर पोचल्यावर जे दिसते ते असे: आईला माती देणे हे मुलाचे कर्तव्य आहे, हे इंग्लंडमधल्या प्रत्येक झोपडीला माहीत होते आणि न्यायासनाला मान्य नव्हते. आणि पैसे राहिले ते कंपनीकडे, जिने हा धंदा कायदेशीर नाही हे ठाऊक असून, किंवा ठाऊक करून घ्यायला हवे असताना, दारोदार विकला.

अशा पॉलिसी तेव्हा देशभर अगणित होत्या. त्या सगळ्याच फेटाळल्या गेल्या असे नाही. बऱ्याच कंपन्या दावे देत, कारण गल्लीत एका घराला नकार दिला की दुसऱ्या आठवड्यात एजंटासाठी दहा दारे बंद होत. पण द्यायचे की नाही ही कंपनीची मर्जी होती, आणि मर्जीवर टेकलेला हक्क मागायला गेलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

१९०९ च्या विमा कंपनी कायद्याच्या कलम ३६ ने अखेर आईबाप, आजीआजोबा, नातवंडे, भाऊ, बहीण यांच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी विमा उतरवायला परवानगी दिली आणि आधीच्या पॉलिसीही वाचवल्या, अट एवढीच की खर्च करावा लागेल अशी खरी अपेक्षा असावी आणि रक्कम अवाजवी नसावी. वाजवी किती, यावर मग नवे वाद झाले. परवानगीचा गैरफायदाही घेतला गेला. एकाच म्हातारीवर चार मुलांनी चार कंपन्यांत विमे काढले, एजंटांनी काढायला लावले. नातेवाईक नसलेल्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या पॉलिसी दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचाही प्रकार चाले. १९१६ मध्ये लिव्हरपूल व्हिक्टोरियाविरुद्ध ह्यूज नावाच्या बाईने दावा लावला. हप्ते भरत राहा, पैसे मिळतील, असे सांगून एजंटाने तिला अशाच परक्या माणसांवरच्या पॉलिसी दिल्या होत्या. इथे एजंटाने जाणूनबुजून फसवले हे सिद्ध झाले आणि अपील कोर्टाने हप्ते परत करायला लावले. हार्स हरला आणि ह्यूज जिंकली, यातला फरक एजंटाच्या मनातल्या हेतूचा. दोघांच्या खिशातून गेलेले पैसे सारखेच खरे होते.

पहिल्या महायुद्धानंतर लॉर्ड पार्मूर यांच्या समितीने हा धंदा पुन्हा तपासला आणि १९२३ चा औद्योगिक विमा कायदा झाला; दारोदार आठवडी हप्त्याच्या विम्याला कायद्यात हेच नाव होते. मयत विम्याच्या इतिहासात घरच्यांच्या बाजूने पडलेले सर्वांत मोठे पाऊल हेच, असे ठामपणे म्हणता येते. हप्ता थकला तर लेखी नोटीस द्यायची आणि २८ दिवस थांबायचे. पाच वर्षे हप्ते भरलेली पॉलिसी बंद पडली तरी पूर्ण बुडवायची नाही. भरलेल्या पैशांच्या प्रमाणात कमी रकमेची, पुढे हप्ता नसलेली पॉलिसी मागता येईल. अर्ज कंपनीच्या माणसाने भरला असेल तर त्यातल्या चुकीचे भांडवल करून दावा नाकारायचा नाही, प्रस्ताव देणाऱ्याने लबाडी केली असेल तरच. प्रकृतीबद्दलच्या चुकीसाठी कंपनीला फक्त पहिली दोन वर्षे मोकळीक. आणि सर्वांत महत्त्वाचे, औद्योगिक विमा आयुक्त हा नवा अधिकारी. मित्रमंडळ्यांचा मुख्य निबंधकच हे काम पाहू लागला. लहान रकमेचे वाद त्याच्यासमोर अगदी थोड्या खर्चात, वकिलावाचून चालत. त्याचे निर्णय वार्षिक अहवालांत छापले जात, त्यामुळे एका घराला मिळालेला न्याय दुसऱ्या घराला दाखला म्हणून उपयोगी पडे.

हीच विम्याची रीत अमेरिकेत गेली आणि तिथे तिला आणखी एक विष मिळाले. जॉन ड्रायडन याने न्यूअर्कमध्ये १८७५ साली लंडनच्या नमुन्यावर, नावही तेच ठेवून, प्रुडेन्शियल काढली. १८८१ मध्ये तिने काळ्या लोकांना त्याच हप्त्यात एकतृतीयांश कमी रक्कम द्यायचे ठरवले. इतर कंपन्यांनीही हप्ते किंवा रकमा अशाच रंगावरून ठरवल्या. मयतीच्या जुन्या छोट्या पॉलिसींवर काळ्या कुटुंबांकडून जास्त हप्ता वसूल होत राहिल्याबद्दल अमेरिकन जनरल या कंपनीने २००० साली २० कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. तोवर हप्ते भरणाऱ्यांतले कितीतरी कधीच मातीआड गेले होते.

आपल्याकडे माणसाच्या अंत्यविधीचा विमा असा वेगळा धंदा कधी फोफावला नाही, पण लहान हप्त्याचे वाद आले. मुंबईत बॉम्बे म्युच्युअल १८७० मध्ये आणि ओरिएंटल १८७४ मध्ये स्थापन झाली; त्या मुख्यतः पगारदार वर्गाच्या. गरिबांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रॉव्हिडंट सोसायट्यांचे पीक आले, मृत्यू, लग्न, जन्म अशा प्रसंगांना पैसे देऊ म्हणणाऱ्या, आणि त्यांतल्या कित्येक जमा झालेली वर्गणी वाटून मोकळ्या होणाऱ्या. त्यांना आळा घालायला १९१२ मध्ये प्रॉव्हिडंट विमा सोसायट्यांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. १९३८ च्या विमा कायद्यातले कलम ४५ मराठी घरांना नावाने ठाऊक नसले तरी परिणामाने ठाऊक आहे: पॉलिसीला दोन वर्षे झाल्यावर, लबाडी सिद्ध केल्याशिवाय, अर्जातल्या चुकीवरून दावा नाकारायचा नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत तीन वर्षांची झाली आणि त्यानंतर कोणत्याच कारणाने पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही. १९९८ पासून विमा लोकपालाकडे फुकट तक्रारही करता येते. लँबेथच्या बाईला ज्याच्यासाठी १९२३ पर्यंत थांबावे लागले, ते हे.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अशा पॉलिसींची संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती, म्हणजे माणशी दोनाहून जास्त. सर आर्नल्ड विल्सन आणि हर्मान लेव्ही यांनी १९३७ मध्ये या धंद्यावर आणि १९३८ मध्ये दफनाच्या खर्चावर अशी दोन जाड पुस्तके लिहून तो किती महाग पडतो ते मांडले. विल्यम बेव्हरिजने सामाजिक विम्यावरच्या १९४२ च्या सरकारी अहवालात तीच बाजू उचलली: गोळा होणाऱ्या प्रत्येक पौंडातला एकतृतीयांशाहून मोठा वाटा व्यवस्थेवर आणि कमिशनवर जातो, म्हणून सरकारनेच प्रत्येकाला मयतीचे अनुदान द्यावे आणि हा विमाही सरकारी मंडळाकडे द्यावा. दुसरी सूचना कोणी ऐकली नाही. कंपन्या आणि त्यांचे हजारो एजंट फार बलवान होते. पहिली अमलात आली. जुलै १९४९ पासून प्रौढ व्यक्तीच्या मृत्यूला २० पौंड. पण जुलै १९४८ मध्ये जे आधीच निवृत्तीच्या वयाचे होते, त्यांच्यासाठी काहीच नव्हते, कारण त्यांनी या योजनेत वर्गणी भरलेली नव्हती. लगेच मरण्याची शक्यता ज्यांची सर्वाधिक, त्यांनाच वगळले. त्यांनी आपली जुनी पेनीची पुस्तके चालू ठेवली. अनुदान १९६७ मध्ये ३० पौंडांपर्यंत गेले, मग महागाई वाढत राहिली आणि रक्कम तिथेच राहिली. १९८७ मध्ये ते बंद झाले आणि त्याजागी फक्त अगदी गरिबांसाठी, अर्ज करून मिळणारी मदत आली.

प्रुडेन्शियलने १९९५ मध्ये दारोदार विकायच्या विम्याचे नवे काम थांबवले. मयतीचा पैसा आधी साठवण्याची गरज मात्र कमी झाली नव्हती; तिची जागा अंत्यविधीच्या आगाऊ योजनांनी घेतली. यांत विमा नसे, म्हणून विम्याचे नियमही नसत. मार्च २०२२ मध्ये सेफ हँड्स ही अशी योजना विकणारी कंपनी बुडाली तेव्हा तिच्याकडे सुमारे ४६ हजार लोकांचे पैसे होते. त्यांतले बहुतेक वयस्क होते, आणि मुलांवर भार नको म्हणून त्यांनी ते भरले होते. त्याच वर्षी २९ जुलैपासून ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने हा धंदा आपल्या ताब्यात घेतला. अनाहूत फोन करून योजना विकायला बंदी आली, तक्रार लोकपालाकडे नेण्याचा हक्क आला, आणि योजना विकणाऱ्या मध्यस्थाला कमिशन द्यायचे नाही, असाही नियम झाला.